बार्जवर नळ नसतो

दिवाळी अंकातल्या माझ्या लेखावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या खनिजाच्या बार्जवर, म्हणजे नदीतून माल नेणाऱ्या सपाट बोटीवर, मी आणि आमची मंडळी, म्हणजे बायको, मार्च २०२० पासून २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत राहिलो, त्याची ती हकिकत होती. संपादकांनी पत्रांतले काही प्रश्न निवडून पाठवले आहेत. लेख न वाचलेल्यांसाठी एवढंच सांगतो की मी वेंगुर्ले तालुक्यातला. तीस वर्षं गोव्याच्या नद्यांत बार्जवर काढली, आधी खलाशी म्हणून, मग सारंग, म्हणजे बोट चालवणारा मुख्य, म्हणून.

प्रश्न : आम्ही सगळे घरात कोंडलेले असताना तुम्ही नदीत मोकळे होतात, याचा हेवा वाटला. तरीही विचारते, बार्ज सोडून घरी का गेला नाहीत? (एक वाचक, पुणे)

मोकळे नव्हतो, ताई. नदी नुसती मोकळी दिसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १६ मार्च २०१८ पासून गोव्यातल्या खाणी थांबल्या. त्याआधी आम्ही आमोणे, सारमानसच्या धक्क्यांवर माल भरायचो आणि मांडवी उतरून मुरगावला नेऊन टाकायचो. पावसाची चाहूल लागली की आग्वादच्या तोंडावर वाळूच्या दांड्यावर लाटा फुटायला लागतात, तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायचं. खाणी थांबल्या आणि बार्ज होत्या तिथेच उभ्या राहिल्या. आमची रायबंदर आणि जुन्या गोव्याच्या मधे, किनाऱ्यापासून दोनशे फुटांवर, दुसऱ्या दोन बार्जच्या अंगाला बांधलेली होती. बाकीची माणसं घरी गेली, मला राखणीला ठेवलं. शेजारच्या बार्जवर ओडिशाचा एक पोरगा होता, तोही राखणीलाच.

उभ्या बार्जवर माणूस लागतोच. रोज सकाळी बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, काठी घालून बघायची. काल ओल चार बोटं होती, आज सहा झाली तर पंप लावायचा. दोर कुठे घासतोय, साखळीला ताण किती आहे, रात्रीचा दिवा पेटला की नाही, हे बघायचं. दोर तुटला आणि हजार टनांची बार्ज ओहोटीबरोबर सुटली, तर खाली पणजीचे पूल आहेत. ती तिथे जाऊन आपटली तर काय होईल या विचाराने मला अजून झोप लागत नाही, मग तेव्हा सोडून कसा जाणार? आणि जायचं ठरवलं असतं तरी गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका बंद होता. वेंगुर्ला साठेक किलोमीटर, पण त्या दिवसांत ते दुबईइतकं लांब होतं.

प्रश्न : तुमच्या लेखात पाण्याच्या टंचाईचा उल्लेख आहे. पाण्यावर राहणाऱ्याला पाण्याची टंचाई कशी? (एक वाचक, चिपळूण)

तुम्ही वाशिष्ठीकाठचे, तुम्हाला लगेच कळेल. पाऊस संपला की खारं पाणी मांडवीत चढायला लागतं. मार्चमध्ये जुन्या गोव्याच्या पुढेही नदी खारट असते. त्या पाण्यात भांडी विसळता येतात, डाळ शिजत नाही. आमची टाकी ५०० लिटरची. दोघांना पिण्याला, रांधायला आणि अंगावर दोन तांबे घ्यायला काटकसर करून पंचवीस-तीस लिटर रोज लागायचे. पोराच्या बार्जवरची टाकी गळकी होती, म्हणजे तोही आमच्यातच.

एरवी पाणी धक्क्यावरच्या नळावरून यायचं. लॉकडाऊन लागल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी होडीत पाच कॅन टाकून गेलो, तर नळाला तोटीच नव्हती. कोणीतरी काढून नेली होती आणि पाइपाच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली होती. बोटीवरची माणसं कुठून कुठून आलेली, त्यांचा हात नळाला नको, असं कोणाला वाटलं असेल. भीती सगळ्यांनाच होती, मी राग धरला नाही. पण ती खुंटी अजून डोळ्यांपुढे येते. नवी होती, चाकूने नीट तासलेली. कोणीतरी बसून, वेळ घेऊन केलेली.

बांधाला लागून एक घर आहे. तिथल्या मावशी ख्रिश्चन, एकट्याच असायच्या. त्यांनी खिडकीतून मला रिकामे कॅन घेऊन परतताना बघितलं आणि हाक मारली, “उदक व्हर रे, भरती आसा मेरेन!” फाटकाशी त्यांचा बागेचा नळ होता. त्या नळ सोडून आत जायच्या, मी कॅन भरायचा, तोटी साबणाने धुवायचा आणि बंद करायचा. असं एक दिवसाआड, जूनपर्यंत. शेजारच्यांनी त्यांना दोन-तीनदा बोलून दाखवलं, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला ते कधी सांगितलं नाही.

त्यांनी ‘भरती आहे तोवर’ म्हटलं, त्याला कारण आहे. बार्ज आणि बांध यांच्यामधला अर्धा पट्टा ओहोटीला उघडा पडतो. गुडघाभर रेंदा, म्हणजे मऊ चिखल, त्यात कालवांच्या धारदार शिंपा. वीस लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन त्यातून चालता येत नाही. म्हणजे पाणी मिळणार ते भरतीच्या दोन-अडीच तासांत, आणि भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी नऊला, तर आठवड्याने दुपारी तीनला. आमचं सगळं वेळापत्रक त्यावर चालायचं.

पाऊस लागला आणि सुटलो. केबिनच्या छपरावर पडणारं पाणी पन्हळीतून पिंपात घेतलं. छप्पर वीस चौरस मीटरचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, तेव्हा पन्नास मिलिमीटरचा एक दिवस लागला की हजार लिटर येतं आणि गोव्यातल्या जूनमध्ये असे दिवस पुष्कळ. मात्र पहिल्या तीन सरींचं पाणी सोडून दिलं. दोन वर्षं काम बंद असूनही छपरावरून लाल पाणी उतरत होतं, इतकी खनिजाची धूळ पत्र्यात मुरलेली.

प्रश्न : तुमच्या पत्नीबद्दल लेखात फार थोडं आहे. त्यांनी बार्जवर दिवस कसे काढले? स्वयंपाक, संडास, सण? (एक वाचक, सोलापूर)

हा प्रश्न मी तिलाच वाचून दाखवला. ती म्हणाली, “लिहा, दोन साड्या घेऊन आठ दिवसांसाठी आले होते.” शिमगा झाल्यावर मला भेटायला आलेली, ती अडकलीच.

लॉकडाऊन सुरू झालं तो दिवस गुढीपाडव्याचा, २५ मार्च. बांबू नव्हता. होडी ओढायची आकडी उलटी करून केबिनच्या कठड्याला बांधली. त्या दोनातली एक साडी, वर आमचा पाणी प्यायचा तांब्या. कडुलिंब कुठून आणणार? साखरेची गाठीही नाही. तिने गुळाच्या खड्याला दोरा गुंडाळला. पोरगा शेजारच्या बार्जवरून बघत होता, त्याला हाक मारून नैवेद्याचा शिरा दिला. त्याच रात्री गोव्यात पहिले रुग्ण सापडल्याची बातमी मोबाइलवर आली. साडी उतरवताना तिचे हात थरथरत होते, ते मी बघितलं.

केबिन लोखंडी. एप्रिलमध्ये दुपारी भिंतीला हात लागला तर चटका बसायचा. छपरावर गोणपाटं टाकून त्यावर नदीचं पाणी मारत राहायचं. गॅस होता. किराणा मिळेपर्यंत पेज आणि मासे. शेवटे, काळुंद्र, कधी कुर्ल्या. संडासाचं सगळं नदीत जातं, जुन्या बार्जवर तशीच सोय असते. ते योग्य नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिला सगळ्यांत जास्त आठवण यायची मातीची. मावशींनी एक दिवस पाण्याच्या कॅनबरोबर रंगाच्या डब्यात लावलेली तुळस दिली. फाटकाच्या खांबावर ठेवून त्या आत गेल्या. त्यांच्या अंगणात क्रूस आहे, तुळस त्यांनी कुठून मागून आणली मला माहीत नाही. संध्याकाळी दिवा लावला की समोर चोडणच्या कांदळात पाणमांजरं शीळ घालायची. इतक्या वर्षांत मी ती कधी ऐकली नव्हती. इंजिनाच्या आवाजात कशी ऐकू येणार?

प्रश्न : जुनं गोवं हे शहरच साथीच्या रोगांनी ओस पडलं असं वाचलं आहे. त्याच्या समोर राहून साथ काढताना तुम्हाला हे जाणवायचं का? (एक शिक्षक, फोंडा)

सर, आधी नाही. रोज बघून डोळ्यांना सवय झालेली. दिवाडीचे एक निवृत्त मास्तर मला ओळखायचे, लॉकडाऊनमध्ये त्यांचा फोन यायचा. त्यांनी सांगितलं ते असं. एकेकाळी समुद्रावरची जहाजं इथेच, आमच्या नांगराच्या आसपास उभी राहायची. मग साथींमागून साथी आल्या. १६९५ मध्ये व्हाइसरॉय आपलं बिऱ्हाड पणेलीला घेऊन गेला, १७५९ मध्ये पणजीला, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पणेली म्हणजे आमच्या बार्जवरून दिसणारा किनारा, एवढ्या जवळ. शहर ओस पडायला विहिरींत घाण झिरपली हे एक कारण सांगतात. खालचा चिरा सच्छिद्र, माणसं दाटीने राहणारी.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला फार लागलं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकात पटकीचं वर्णन केलं आहे. पोर्तुगीज तिला ‘मोर्देशी’ म्हणायचे. तो शब्द आपला, मोडशी. माझी आजी पोट बिघडलं की म्हणायची, “मोडशी झाली.” साडेचारशे वर्षांपूर्वी याच धक्क्यावर पाणी भरणारा कोणी खलाशी तेच म्हणाला असेल. त्यानंतर मी मावशींच्या घरचं पाणीसुद्धा उकळून घ्यायला लागलो.

प्रश्न : बार्जवर कोणी आजारी पडलं असतं तर? की तशी वेळच आली नाही? (एक परिचारिका, कोल्हापूर)

आली. ती लेखात लिहिली नव्हती, कारण आमच्या मंडळींना तेव्हा नको होतं. आता हो म्हणाली आहे.

चतुर्थी २२ ऑगस्टला झाली, त्यानंतर आठवड्याने तिला ताप आला. मी नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, खोलीत गेलो आणि जेवण हॅचवर, मालाच्या खणाच्या तोंडाशी, ठेवायला लागलो. मावशींचा मुलगा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, क्रूझवर होता, तोवर घरी परतला होता. त्याने ऑक्सिमीटर पिशवीत घालून होडीतून पाठवला. अनंत चतुर्दशीला, १ सप्टेंबरला, संध्याकाळी आकडा ९५ आला. फोनवर डॉक्टरांनी सहा मिनिटं चालवून परत बघायला सांगितलं होतं. हॅचच्या कडेने ती चालली, एका हाताने कठडा धरून. मी वीस पावलं मागे, टॉर्च घेऊन. परत बघितलं तर ९२. पुन्हा फोन केला तर लागेना. दुसरीकडे लावला, तिथे सांगितलं की रात्र काढा, सकाळी आणा.

तेव्हा मी आकड्याकडे बघणं सोडून पाण्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे उधाण. रात्री अकराच्या सुमाराला भरती, पहाटे पाचला ओहोटी आणि तीही खोल. पहाटे तीनला तिचा श्वास अडकला असता, तर बार्ज आणि बांध यांच्यामध्ये नुसता रेंदा. होडी चालणार नाही, तिला उचलून त्यातून नेणं दोघांनाही जमणार नाही. पुन्हा पाणी यायला सकाळचे नऊ वाजले असते.

मी ठरवलं, आत्ता. १०८ ला फोन केला, बांधाची खूण सांगितली. रिकामी बार्ज पाण्याबाहेर उंच असते, डेकपासून होडीपर्यंत आठ फूट दोराची शिडी. तिच्या कमरेला दोर बांधला, वरून पोरगा सोडत होता, खालून मी एकेक पायरीवर तिचा पाऊल धरून ठेवत होतो. पाऊस भुरभुरत होता. शिडीच्या मधोमध ती थांबली. मला वाटलं, चक्कर आली. तर म्हणाली, “तुळशीला पाणी घाला हं.” होडीत बसल्यावर तिने माझ्याकडे पाठ केली, खोकला माझ्यावर येऊ नये म्हणून. दोनशे फूट वल्हवायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

बांधावर मावशी आणि त्यांचा मुलगा बॅटरी घेऊन उभे होते, लांब, पण उभे. रुग्णवाहिका आली. दोन दिवस तिला ऑक्सिजन लागला, सातव्या दिवशी घरी सोडलं. माझी तपासणी निगेटिव्ह आली.

तुम्ही परिचारिका आहात म्हणून मुद्दाम लिहितो. नोंद घेणाऱ्यांनी मला घर नंबर विचारला. बार्ज म्हटलं. परत विचारला. नोंदीत तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. शेवटी मावशींच्या मुलाने फोन घेतला आणि त्यांच्या घराचा नंबर सांगितला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये पंचेचाळीसच्या वरच्यांना लस सुरू झाली, तेव्हाही पत्ता म्हणून तोच घर नंबर दिला. नदीत राहणाऱ्या माणसाची नोंद कुठे करायची, हे आधीच ठरलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. मासेमारीच्या होड्या, ट्रॉलर, बार्ज यांवर झोपणारी माणसं सगळ्या किनाऱ्यावर आहेत. आरोग्यसेविकेच्या यादीत त्यांच्यासाठी एक ओळ ठेवा, आणि त्या ओळीत भरती-ओहोटीची वेळ लिहायला जागा ठेवा. तुम्ही यादी करणाऱ्यांपैकी आहात, म्हणून तुम्हालाच सांगतो.

प्रश्न : तौक्ते वादळात तुम्ही बार्जवरच होतात का? (एक वाचक, देवगड)

होतो. देवगडात तुम्ही आमच्याहून जास्त सोसलंत.

१५ मे २०२१ ला दुसरा नांगर टाकला. १६ तारखेला वारा असा लागला की रिकामी बार्ज शिडासारखी वागायला लागली. ओहोटीचा ओढ एकीकडे, वारा दुसरीकडे, आणि ती आडवी व्हायला बघते. तिन्ही बार्ज एकमेकींवर आदळत होत्या, मधे घातलेले टायर फाटून गेले. जिथे दोर लोखंडावरून जातो तिथे गोणपाट गुंडाळून ग्रीस लावलं होतं. दर अर्ध्या तासाने हात लावून बघायचं. गरम लागलं की आतून धागे तुटताहेत हे ओळखायचं आणि दोर हातभर सोडून नवी जागा घासाखाली द्यायची. एक दोर गेला, दोन राहिले. बायकोला आदल्या दिवशीच मावशींकडे पाठवलं होतं. बाहेर संचारबंदी, घरात करोनाची भीती, तरी त्यांनी मागची खोली उघडून दिली.

प्रश्न : मी आयटीत आहे, काम घरूनच चालतं. गोव्यात जुनी लाकडी होडी विकत घेऊन तिच्यावर राहायचा विचार आहे. काय बघून घ्यावी? (एक वाचक, नाशिक)

बाळा, विचार वाईट नाही, पण होडी शेवटी बघ. आधी तिची कागदपत्रं बघ आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात जाऊन विचार की ती कुठे उभी करता येईल. लाकडी होडी असेल तर ती ओढून वर घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. पाण्याखालच्या फळ्यांना जाड सुई टोचून बघायची, किडीने आतून पोखरलेली फळी वरून कोरी दिसते. बिल्जचा पंप दोन ठेव, त्यातला एक हाताने चालणारा. पावसाळ्यात नदी वेगळीच असते. २३ जुलै २०२१ च्या पुरात अख्ख्या केळी, ओंडके, एक मेलेली म्हैस आमच्या नांगराच्या साखळीला येऊन अडकली, ते काढायला दोन माणसांना अर्धा दिवस लागला. तू एकटा असशील.

हे सगळं बघण्याच्या आधी, ज्या जागी राहायचं मनात आहे तिथे उधाणाच्या दिवशी ओहोटीला जा. धक्क्यावर उभा राहून बघ, पाणी किती लांब जातं. मग मागे वळून बघ, सर्वांत जवळचा नळ कोणाचा आहे. त्या घरी जा, नाव सांग, बस थोडा वेळ.